महादजी शिंदे: पानिपतचा घाव आणि पुढील तेहतीस वर्षे

आमच्या अहमदनगर जिल्ह्यात, ज्यास आता अहिल्यानगर म्हणतात, पारनेर तालुक्यात जामगाव म्हणून एक गाव आहे. तेथे एक जुना, विस्तीर्ण वाडा आहे. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी तो बाजारास किंवा सोयरिकीस जातायेता पाहिला असेल. हा वाडा महादजी शिंदे ह्यांचा. श्रीगोंदे येथेही शिंद्यांचे वाडे आहेत. मोठ्या सरदाराचे नाव ऐकिले म्हणजे घोडे, हत्ती, तोफा व जयघोष हीच आपल्या डोळ्यांपुढे येतात. परंतु ज्या पुरुषाने दिल्लीचा कारभार हाती घेतला, तो आपल्या आयुष्याची शेवटची तेहतीस वर्षे एका पायाने लंगडत चालत होता, ही गोष्ट थोड्यांच्याच लक्षात असते. ती लक्षात ठेवण्याजोगी आहे असे आम्हांस वाटते. म्हणून त्यांचे चरित्र आज थोडक्यात सांगतो.

शिंद्यांचे मूळ गाव साताऱ्याकडील कण्हेरखेड. महादजींचा जन्म सन १७३० च्या सुमाराचा. पिता राणोजी शिंदे हे पहिल्या बाजीराव पेशव्यांच्या पदरी साध्या चाकरीपासून चढत चढत सरदारीस पोहोचले. राणोजींस पाच पुत्र होते. त्यांपैकी तुकोजी व महादजी हे चिमाबाई नावाच्या रजपूत स्त्रीपासून झाले, आणि हा संबंध औरस मानला जात नव्हता. ह्यामुळे पराक्रम असूनही घराण्यातील त्यांचे स्थान नेहमी एक पायरी खालीच राही. जन्म कोणत्या घरात व्हावा हे मनुष्याच्या हाती नसते. तरी त्याचा दंड त्यास भरावा लागतो, हे आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको.

शिंद्यांच्या घराने पेशव्यांच्या चाकरीत रक्त फार सांडिले. जोतिबा १७४२ साली बुंदेलखंडात मारले गेले. जयाप्पांचा १७५५ साली नागोरास दग्याने घात झाला. दत्ताजी १७६० च्या जानेवारीत दिल्लीजवळ बुराडी घाटावर पडले. त्यानंतर एक वर्ष लोटले आणि पानिपतचा तो भयंकर दिवस उगवला.

१४ जानेवारी १७६१, बुधवार. दिल्लीच्या उत्तरेस पानिपतच्या मैदानात सदाशिवरावभाऊंची मराठी फौज आणि अहमदशाह अब्दालीची फौज ह्यांची गाठ पडली. मराठी फौज कित्येक दिवस कोंडलेली होती. माणसांस अन्न नाही, जनावरांस वैरण नाही, अशा स्थितीत ती लढावयास बाहेर पडली. दुपारपर्यंत युद्ध समतोल चालले. पुढे विश्वासराव गोळी लागून पडले व सैन्याचा धीर सुटला. तुकोजी शिंदे रणात पडले. जयाप्पांचे पुत्र जनकोजी, जे त्या वेळी अल्पवयी असून घराण्याचे मुख्य होते, ते शत्रूच्या हाती सापडून मारले गेले. राणोजींच्या पाच पुत्रांपैकी आता एकटे महादजी उरले, आणि तेही जीव घेऊन दक्षिणेच्या वाटेने पळत होते.

पुढील हकीकत महादजी स्वतः मोठेपणी इंग्रज वकिलास सांगत असत, आणि जॉन माल्कम ह्या इंग्रज अधिकाऱ्याने ती आपल्या ग्रंथात नमूद करून ठेविली आहे. एका धिप्पाड घोड्यावर बसलेला एक अफगाण स्वार त्यांच्या मागे लागला होता. महादजींची दक्षिणी घोडी चपळ होती. ती पुढे निघून जाई. परंतु विसाव्यास थांबून मागे पाहावे, तो तोच स्वार सावकाश येताना दिसे. असे कितीतरी कोस चालले. अखेरीस घोडी थकून एका खड्ड्यात पडली. स्वाराने त्यांस गाठून गुडघ्यावर कुऱ्हाडीचा घाव घातला, अंगावरील दागिने व घोडी घेतली, आणि त्यांस तेथेच टाकून तो निघून गेला. पुढे वैभवाच्या दिवसांतही तो स्वार आपला पाठलाग करीत आहे असे स्वप्न महादजींस पडे. शरीराचा घाव भरला तरी मनाचा घाव किती दिवस ओला राहतो, ह्याची ही साक्ष होय. लढाईवरून परत आलेला मनुष्य रात्री दचकून उठत असेल, तर त्यास कोणी भित्रा म्हणू नये. महादजींस भित्रा म्हणण्याची कोणाची छाती नव्हती.

खड्ड्यात पडलेल्या ह्या सरदाराजवळून त्या दिवशी कितीजण पळत गेले असतील! थांबला तो राणेखान नावाचा एक भिस्ती. पखालीने पाणी पुरविणे हा त्याचा धंदा; धर्माने तो मुसलमान. ज्याचा शत्रू पाठीवर आहे तो दुसऱ्यासाठी एक क्षणही घालवीत नाही. परंतु राणेखानाने त्या रक्तबंबाळ मनुष्यास उचलून आपल्या बैलावर घातले व दक्षिणेच्या वाटेस लाविले. वाटेत पडलेल्या जखमी मनुष्यास आपल्या जनावरावर बसविणाऱ्या दुसऱ्या एका परक्याची गोष्ट येथे वाचकांस आपोआप आठवेल. ती आम्ही पुन्हा सांगत नाही.

महादजी वाचले, पण तो पाय पुन्हा धड झाला नाही. त्या वेळी त्यांचे वय तिशीच्या आसपास होते. त्या काळची लढाई म्हणजे घोड्याच्या पाठीवरची लढाई. मांडीच्या पकडीवर घोडा सांभाळावा आणि हाताने भाला चालवावा, हाच मराठी स्वाराचा धर्म. ज्याचा गुडघा गेला त्याची शिपाईगिरी सरली, असेच सामान्यतः समजले जाई. असा शिपाई घरी येई, ओसरीवर बसे, आणि जुन्या लढायांच्या गोष्टी सांगत दिवस काढी. महादजींच्या बाबतीत भाऊ गेलेले, पुतण्या गेलेला, पाय गेलेला, आणि वारसाचा हक्क जन्मामुळे वादात. घराण्यात सरदारीचा तंटा पडला व दुसऱ्यांची नावे पुढे आली. तरी ते ओसरीवर बसले नाहीत. ते चाकरी करीत राहिले, वाट पाहत राहिले, आणि सात वर्षांनी, सन १७६८ मध्ये, थोरले माधवराव पेशवे ह्यांनी शिंद्यांची सरदारी त्यांच्या नावे कायम केली.

ही सात वर्षे आम्हांस त्यांच्या पुढील सर्व विजयांपेक्षा अधिक मोलाची वाटतात. रणांगणावर शौर्य दाखविण्यास एक प्रहर पुरतो. परंतु अधू शरीर घेऊन, आपली गणना होत नसता, सात वर्षे आपले काम सोडावयाचे नाही, ह्यास निराळेच धैर्य लागते. ह्या धैर्यास कोणी पोवाडे गात नाही.

पुढे त्यांनी जे केले ते इतिहासात प्रसिद्धच आहे. १७७१ साली मराठी फौजा पुन्हा दिल्लीत शिरल्या, त्यांत महादजी प्रमुखांपैकी एक होते; आणि १७७२ च्या आरंभी बादशहा शाह आलम आपल्या राजधानीत परत आला. १७७९ च्या जानेवारीत कंपनीची फौज मुंबईहून घाट चढून पुण्याकडे येत असता मराठ्यांनी तिची दाणावैरण तोडिली व वडगाव येथे तिला करारावर सही करणे भाग पाडिले. तेथेही महादजी अग्रभागी होते. १७८२ साली सालबाईचा तह झाला, तो त्यांच्याच मध्यस्थीने. दोन्ही पक्षांनी त्यांस जामीन मानिले. १७८४ साली बादशहाने वकील-इ-मुतलक हे पद पेशव्यांस दिले आणि त्यांचे प्रतिनिधी म्हणून सर्व कारभार महादजींच्या हाती आला.

हे सर्व लंगड्या पायाने कसे साधले? आमच्या समजुतीप्रमाणे ह्याचे उत्तर असे की, जे बळ स्वतःच्या अंगी उरले नाही ते त्यांनी दुसऱ्यांच्या अंगी शोधिले, आणि ज्याच्या अंगी ते सापडले त्याची जात, धर्म किंवा देश विचारला नाही. ज्या भिस्त्याने त्यांस बैलावर घातले होते, त्या राणेखानांस त्यांनी भाऊ म्हटले. आणि हे नुसते तोंडाचे म्हणणे नव्हते, कारण त्यांस सेनापतीच्या पदावर चढविले. त्याचप्रमाणे युरोपातील सव्हॉय प्रांताचा डी बॉयन हा सेनानी त्यांनी चाकरीस ठेविला व त्याच्याकडून कवायती पायदळाच्या पलटणी तयार करविल्या. घोडदळावर वाढलेल्या मराठी सरदाराने पायदळावर इतका भरवसा टाकावा, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. १७९० साली पाटण व मेडता येथील लढाया ह्याच पलटणींच्या जोरावर जिंकिल्या गेल्या.

ह्या पलटणींतील एक व्यवस्था येथे मुद्दाम सांगितली पाहिजे. जखमी झालेल्या शिपायास बरा होईपर्यंत पगार चालू राही, आणि घावाच्या मानाने वर काही देणगी मिळे. जो कायमचा अपंग होई त्यास जन्मभर निम्मे वेतन आणि जमीन मिळे. ही व्यवस्था डी बॉयनने चालविली. पण ती चालली एका लंगड्या धन्याच्या सत्तेखाली, हे आम्ही विसरू नये.

त्यांच्या मार्गात उतारही आले. १७८७ साली लालसोट येथे त्यांची मोठी पीछेहाट झाली; पदरची मोगल फौज फुटून शत्रूस मिळाली आणि त्यांस मागे हटावे लागले. दुसऱ्या वर्षी गुलाम कादिर नावाच्या रोहिल्याने दिल्ली बळकावून वृद्ध शाह आलमचे डोळे काढिले. तेव्हा महादजींच्या फौजेने दिल्ली सोडविली, आणि त्या फौजेचे पुढारी होते राणेखान. एकेकाळी जखमी सरदारास पळवून वाचविणारा भिस्ती आता आंधळ्या बादशहाच्या साहाय्यास धावून गेला.

चरित्र सांगताना दोष झाकणे बरे नव्हे. गुलाम कादिर हा नजीबखानाचा नातू. हाच नजीब पानिपतास अब्दालीच्या बाजूने उभा होता. पानिपतचा सूड महादजींच्या मनातून कधी गेला नाही. १७७२ साली मराठी फौजांनी रोहिलखंडात जी लूट केली, आणि १७८९ साली पकडलेल्या गुलाम कादिरचे अवयव तोडून त्यास जे ठार मारण्यात आले, ते वाचताना अंगावर काटा येतो. त्याचा अपराध घोर होता, हे खरे. तरी अशा शिक्षेने कोणाचे डोळे परत आले नाहीत. ज्या घावाने महादजींस राणेखानांचा हात धरावयास शिकविले, त्याच घावाने सूडही जागा ठेविला. दुःख मनुष्यास चांगलेच बनविते असे नाही. त्यातून काय घ्यावे हे ज्याचे त्याने ठरवावयाचे असते.

इतके वैभव मिळूनही ते स्वतःस पाटील म्हणवीत, आणि लोकही त्यांस पाटीलबावा म्हणत. १७९२ साली ते पुण्यास आले, तेव्हा तरुण पेशवे सवाई माधवराव ह्यांच्या दरबारात सर्व मानकऱ्यांच्या खाली बसले, आणि बगलेतील गाठोडे सोडून त्यातून नवे जोडे काढून पेशव्यांपुढे ठेविले. आपल्या वडिलांची चाकरी हीच होती असे त्यांनी सांगितले, असे इतिहासकार ग्रँट डफ लिहितात. पुण्यातील पुष्कळ मुत्सद्द्यांस ह्यात कावा दिसला. असेलही; परंतु वडील कोणत्या पायरीवरून चढले हे भर दरबारात सांगणारे लोक आजही थोडेच आढळतात. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडी येथे तापाने त्यांचा अंत झाला. तेथे त्यांची छत्री आहे.

वाचकहो, आपल्या जिल्ह्यातील गावोगावचे तरुण पिढ्यान्‌पिढ्या लष्करात जात आले आहेत. त्यांपैकी कोणी हात गमावून, कोणी पाय गमावून, ऐन तारुण्यात घरी परत येतो. पहिल्या महायुद्धात अशाच शिपायांस धंदे शिकविण्यासाठी १९१७ साली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट ही संस्था निघाली. ती पुढे पुण्याजवळ खडकी येथे आली. सरकार व संस्था आपले काम करोत. परंतु घरचे व शेजारचे काम कोणतीही संस्था करू शकत नाही. अशा मनुष्यास आपण ओसरीवर बसवितो, त्याच्या ताटात वाढतो, आणि त्याचा सल्ला मात्र विचारीत नाही. पंचायतीचा हिशेब, शाळेची देखरेख, मंडळीचे कामकाज, तंट्याची समजूत, ह्यांपैकी कशास दोन धड पाय लागतात? त्यास काम द्यावे, आणि ते दयेने नव्हे तर गरजेने मागावे.

आणि ज्यास असा घाव झाला आहे त्यानेही सात वर्षांची ती गोष्ट मनात धरावी. आपल्यास बैलावर घालणारा कोण होता हे विसरू नये, मग तो कितीही हलक्या धंद्याचा का असेना. पुढच्या वेळी जामगावच्या वाड्यावरून जाल तेव्हा मुलांस त्या सरदाराची गोष्ट अवश्य सांगा. आणि ती सांगताना त्या भिस्त्याचे नाव वगळू नका.