गौतमीपुत्र सातकर्णी : मातेने कोरून ठेवलेले चरित्र

महागाव : रोमच्या बारा कैसरांची चरित्रे सुएटोनियसने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात लिहिली. त्यामुळे त्या सम्राटांच्या सवयी आणि व्यसनेदेखील आज वाचता येतात. साधारण त्याच सुमारास दख्खनवर राज्य करणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीला असा चरित्रकार लाभला नाही. त्याचे आयुष्य जुळवावे लागते ते मुख्यतः नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील शिलालेखांवरून आणि जमिनीत सापडलेल्या नाण्यांवरून.

सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण. क्षहरात क्षत्रप नहपानाने नाशिक, जुन्नर, कार्ले हा पट्टा बळकावल्याने या घराण्याला उतरती कळा लागली होती. रोमशी चालणारा व्यापारही भडोच बंदराकडे वळला. कल्याणला आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, अशी नोंद त्या काळच्या एका ग्रीक ग्रंथात आहे.

गौतमीपुत्राने नहपानाची सत्ता मोडली. राज्याच्या १८ व्या वर्षी त्याने लष्करी छावणीतूनच आज्ञा काढली आणि नहपानाचा जावई उषवदात याच्याकडे असलेले २०० निवर्तनांचे शेत बौद्ध भिक्षूंना दिले. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये नहपानाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा उमटविला होता.

२४ व्या वर्षाची आज्ञा मात्र वेगळीच कथा सांगते. भिक्षूंना पूर्वी दिलेले शेत कोणी कसत नाही, ते गावही ओस पडले आहे. म्हणून नगराच्या सीमेवरील १०० निवर्तने राजकीय जमीन द्यावी, असे तीत म्हटले आहे. विजयाच्या वर्णनात न येणारी ही उजाड शिवाराची नोंद इतिहासाच्या दृष्टीने अधिक मोलाची वाटते. ही आज्ञा राजाने मातेसह काढली आहे. त्यानंतर त्याचा एकही लेख आढळत नाही.

पुढे नातू पुळुमावीच्या १९ व्या वर्षी वृद्ध गौतमी बलश्रीने लेणे दान दिले आणि दिवंगत पुत्राचे गुणवर्णन तेथे कोरविले. शक, यवन, पल्हवांचा संहारक, तीन समुद्रांचे पाणी प्यालेल्या अश्वांचा स्वामी, धर्मानुसारच कर घेणारा, अपराधी शत्रूचाही जीव घेण्यास नाखूष, अशी ती प्रशस्ती आहे. मातेची लेखणी म्हणून त्यातील काही भाग वजा करावा लागेल. तथापि नहपानावरील विजयाला नाण्यांचीच साक्ष आहे. वर्णसंकर रोखणारा अद्वितीय ब्राह्मण म्हणून ज्याचा गौरव केला, त्याच्या स्मृतीतील हे दानही बौद्ध भिक्षूंनाच मिळाले, हे लक्षणीय होय.

त्याच्या प्रदेशांच्या यादीत विदर्भाचे नाव आहे. महागावच्या शेजारच्या वाशीम जिल्ह्यातील तऱ्हाळा येथे १९३९ मध्ये सातवाहनांची सुमारे १,६०० नाणी सापडली. त्यांत गौतमीपुत्राचीही नाणी आहेत.