वजीर देणारे गणिताचे शिक्षक

आमच्या शाळेच्या प्रवेशद्वाराजवळ हुतात्मा स्मारक आहे. रोज सकाळी पीटीला जाताना आम्ही त्याच्यासमोरून जातो. त्यामुळे बलिदान हा शब्द मला सहावीपासून पाठ आहे. पण त्याचा एक अर्थ मला बुद्धिबळाच्या पटावर कळला आणि तोही हरल्यावर.

गेल्या सत्रात आंतर-हाऊस बुद्धिबळ स्पर्धेचा अंतिम सामना होता. निर्णायक डाव माझा होता आणि मागे अर्धे हाऊस उभे होते. डाव माझ्या बाजूने झुकलेला असताना मी वजीर दिला. सगळे चकित झाले. मलाही फार भारी वाटले. सहा चालींनंतर मी डाव सोडला आणि ट्रॉफी दुसऱ्या हाऊसकडे गेली. वजीर का दिलास, असे सरांनी विचारले, तेव्हा मी अडॉल्फ अँडरसन यांचे नाव सांगितले. सर रागावले नाहीत. आधी त्या माणसाविषयी नीट वाच आणि त्यांचा डाव पुन्हा मांडून बघ, एवढेच ते म्हणाले.

अँडरसन यांचा जन्म १८१८ साली प्रशियातील ब्रेस्लाउ येथे झाला. हे शहर आज पोलंडमध्ये आहे. नऊ वर्षांचे असताना वडिलांनी त्यांना बुद्धिबळ शिकवले. पुढे ते त्याच शहरातील शाळेत गणित शिकवू लागले. त्यांनी लग्न केले नाही. नोकरी, घर आणि पट एवढेच त्यांचे जग होते. १८४२ साली त्यांनी बुद्धिबळातील कोड्यांचे एक पुस्तक काढले. किती चालींत मात होते हे मोजण्याची सवय त्यांना तेव्हापासूनच होती.

१८५१ साली लंडनमध्ये पहिली आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा भरली. शिक्षकाच्या पगारात तिथवरचा प्रवास परवडणारा नव्हता. स्पर्धेचे आयोजक हॉवर्ड स्टाँटन हे स्वतः इंग्लंडचे आघाडीचे खेळाडू होते. बक्षीस मिळाले नाही तर प्रवासखर्च मी देईन, अशी तयारी त्यांनी दाखवली. अँडरसन गेले, त्यांनी स्टाँटन यांनाही हरवले आणि सोळा खेळाडूंत पहिले आले.

पण त्यांचे नाव अमर झाले ते स्पर्धेबाहेरच्या एका डावाने. त्याच दिवसांत ते लिओनेल कीझेरित्स्की यांच्याशी सहज म्हणून एक डाव खेळले. कीझेरित्स्की पॅरिसमध्ये राहून बुद्धिबळ शिकवत असत. या डावात अँडरसन यांनी एक उंट दिला, दोन्ही हत्ती दिले आणि शेवटी वजीरही दिला. बदल्यात त्यांना फक्त तीन प्यादी मिळाली. तरी तेविसाव्या चालीला दोन घोडे आणि एक उंट यांनी काळ्या राजाला मात दिली. पुढे या डावाला अमर डाव असे नाव पडले.

सरांच्या सांगण्यावरून मी तो डाव रविवारी हाऊसच्या कॉमन रूममध्ये मांडला. पूर्वी मी फक्त दिलेले मोहरे मोजले होते. या वेळी काळ्याचे मोहरे कुठे आहेत ते पाहिले. काळा वजीर हत्ती खाण्यासाठी पटाच्या पार दुसऱ्या कोपऱ्यात गेला होता. दुसरा हत्ती खायला गेलेला काळा उंटही तिकडेच अडकला होता. काळ्याचे दोन्ही हत्ती अजून आपापल्या घरीच होते. एकोणिसाव्या चालीला अँडरसन यांनी हत्ती वाचवला नाही. त्यांनी मधले एक प्यादे फक्त एक घर पुढे सरकवले आणि काळ्या वजिराची परतीची तिरपी वाट बंद झाली. शेवटी, मात देण्यासाठी जे घर हवे होते, ते काळ्याचा एक घोडा राखत होता. वजीर दिला तो त्या घोड्याला तिथून हलवण्यासाठी. कुठलाही मोहरा टाळ्यांसाठी दिलेला नव्हता. तो डाव निर्दोष नाही. पुढच्या जाणकारांनी त्यात दोन्ही बाजूंच्या अधिक चांगल्या चाली दाखवल्या आहेत. पण प्रत्येक देण्यामागे काहीतरी काम होते. माझ्या वजिरामागे फक्त मागे उभे असलेले हाऊस होते.

कीझेरित्स्की यांचेही मला कौतुक वाटते. आपल्याच पराभवाचा हा डाव त्यांनी आपल्या मासिकात छापला. मी मात्र माझ्या डावाचा कागद फाडून टाकला होता.

अँडरसन यांनाही हार चुकली नाही. १८५८ च्या डिसेंबरमध्ये, सुट्टीच्या दिवसांत ते पॅरिसला जाऊन अमेरिकेच्या पॉल मॉर्फी यांच्याशी खेळले. मॉर्फी एकवीस वर्षांचे होते आणि नुकतेच आजारातून उठले होते. पहिला डाव अँडरसन यांनी जिंकला, पण एकूण अकरा डावांत त्यांना दोनच विजय मिळाले. सात डाव ते हरले. मॉर्फी आपल्यापेक्षा सरस आहेत, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले आणि ते परत आपल्या वर्गात शिकवायला गेले. १८६२ साली लंडनची स्पर्धा त्यांनी पुन्हा जिंकली. १८६६ साली तरुण विल्हेल्म स्टाइनिट्झ यांनी त्यांना हरवले.

१८७० साली बाडेन-बाडेन येथे मोठी स्पर्धा सुरू झाली आणि त्याच दिवसांत फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले. एक खेळाडू सैन्याचे बोलावणे आल्यामुळे पट सोडून निघून गेला. ही ओळ वाचताना मी थोडा थांबलो, कारण आपल्यापैकी अनेकांना पुढे असेच बोलावणे येणार आहे. ती स्पर्धा बावन्न वर्षांच्या अँडरसन यांनी स्टाइनिट्झ यांना मागे टाकून जिंकली.

खेळ शिकल्याला पन्नास वर्षे झाली म्हणून १८७७ साली लाइपझिग येथे त्यांच्या सन्मानार्थ स्पर्धा भरवण्यात आली. तिच्यात ते स्वतःही खेळले. १८७९ च्या मार्चमध्ये ब्रेस्लाउ येथेच त्यांचे निधन झाले.

आता मोहरा देण्याआधी मी हात मांडीखाली ठेवतो आणि समोरच्याचा प्रत्येक मोहरा किती चालींत परत येईल ते मोजतो. या सत्रात मी एकदाही वजीर दिलेला नाही. हाऊसमधली मुले मला भित्रा म्हणून चिडवतात. चिडवू देत. मोजून देण्यासारखा डाव आला, तर देईन. आणि तो डाव हरलो, तरी त्याचा कागद या वेळी जपून ठेवीन.