भोपाळच्या कुदसिया बेगम

पद सुटल्यावर माणसाने काय करावे? आपल्या मंडळ्यांतही हा प्रश्न येतो. पंचवीस वर्षे सेक्रेटरी राहिलेले गृहस्थ किंवा महिला मंडळाच्या अध्यक्षा नवी निवडणूक झाली की रुसून घरी बसतात, हे आम्ही पाहिले आहे. म्हणून या वेळी भोपाळच्या कुदसिया बेगम यांची आठवण करावीशी वाटली. त्यांनी १८ वर्षे राज्य केले आणि राज्य गेल्यावर त्या आणखी ४४ वर्षे जगल्या.

त्यांचा जन्म १८०१ च्या सुमारास, नवाब गौस महंमद खान यांच्या घरी झाला. १८१२-१३ साली आपल्याच शिंदे-भोसल्यांच्या फौजांनी भोपाळला वेढा घातला, तेव्हा त्या लहान होत्या. गावात अन्नाचे हाल झाले. तटावर बायकाही लढण्यास उभ्या राहिल्या. पुढे त्यांचा विवाह नझर महंमद खान यांच्याशी झाला. परंतु १८१९ साली इस्लामनगर येथे बेगमेचाच आठ वर्षांचा भाऊ पिस्तूल हाताळत असता गोळी सुटली व नवाब ठार झाले. पदरात सव्वा वर्षाची मुलगी, सिकंदर. नातलग गादीवर डोळा ठेवून होते. पण या तरुण विधवेने मुलीचा हक्क पुढे करून सर्व सरदारांची संमती मिळविली आणि तिच्या वतीने कारभार हाती घेतला.

पुढे त्यांनी पडदा सोडला, घोड्यावर बसणे शिकून घेतले. त्यांच्या सल्लागारांत राजा खुशवक्त राय हे हिंदू होते, आणि शहजाद मसीह हे ख्रिस्ती. हे मसीह म्हणजे भोपाळात स्थायिक झालेल्या फ्रेंच वंशाच्या बोर्बोन घराण्यातील. आपल्या शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना हे ठाऊक नसावे. रयत जेवली असे कळल्याशिवाय बेगम रात्री जेवत नसत, असे सांगतात. एवढ्या मोठ्या मुलखाची खबर रोज कशी मिळणार, हे आम्हांस उमगत नाही. पण लोकांनी अशी गोष्ट कोणाविषयी सांगावी, हेही काही कमी नाही.

१८३७ साली जावई जहांगीर महंमद खान यांच्याशी लढाई होऊन अखेर सत्ता त्यांच्याकडे गेली. बेगमेला जहागीर मिळाली. वय छत्तीसच्या आसपास.

आता खरे चरित्र सुरू होते. जहागिरीचे उत्पन्न त्यांनी स्वतःच्या थाटावर उडविले नाही. त्या साधेपणाने राहत. त्यांनी आरंभिलेली जामा मशीद १८५७ साली पुरी झाली. १८६४ साली त्या मुलीसह मक्केला गेल्या, तेव्हा त्यांचा हात इतका सैल होता की याचकांची झुंबड उडून यात्रेकरूंचे चालणे कठीण झाले. सिकंदर बेगम हिशेबी. त्यांना आईचे हे वागणे मुळीच रुचले नाही, आणि आपल्या प्रवासवर्णनात त्यांनी याची तक्रार लिहून ठेवली आहे. आम्हांला वाटते, मुलीचेही म्हणणे खोटे नव्हते. नुसते वाटत सुटल्याने गरिबी जात नाही.

१८६८ साली ती कर्तबगार मुलगीही वारली. नातीने, म्हणजे शाहजहान बेगमेने, १८७१ साली केलेला दुसरा विवाह आजीला पसंत पडला नाही, आणि घरात दुरावा आला. सत्तरी गाठलेल्या बाईने यावर अंथरूण धरले असते तर कोणी नाव ठेवले नसते.

परंतु याच वृद्धापकाळात त्यांनी भोपाळला पाणी दिले. तलाव खाली, वस्ती चढावर. पाणी वर आणायचे ते भिस्तीच्या पखालीतून नाहीतर बायकांच्या डोक्यावरून. बेगमेने स्वतःच्या पैशाने यंत्र बसवून तलावाचे पाणी नळाने गावात आणविले. एवढ्यावर न थांबता, त्याच्या खर्चासाठी कायमची रक्कम बाजूला ठेवली, म्हणजे लोकांकडून पैसे घेण्याची वेळ येऊ नये. आमच्या मते मक्केच्या वाटेवरील दानाहून हे दान शहाणपणाचे होते; येथे उद्याच्या खर्चाचाही विचार होता. नळावर कोणत्या धर्माची बाई घागर घेऊन उभी आहे, हे कोणी विचारायचे नव्हते.

रेल्वेसाठीही त्यांनी आपल्या खजिन्यातून मोठी रक्कम दिली. १८८१ साली, सुमारे ८० वर्षांच्या होऊन, त्या वारल्या. पणती सुलतान जहान त्या वेळी २३ वर्षांची होती. पुढे राज्यावर आल्यावर तिने पणजीचे चरित्र उर्दूत लिहिले. इटारसीहून भोपाळला रेल्वे सुरू झाली ती १८८४ साली.