एक बाटली आणि हाफकिन

मागच्या सेमला मला टायफॉईड झाला, तेव्हा सलाईन लावलं होतं. सिस्टरच्या हातून सुई खाली पडली. त्यांनी ती सरळ टाकून दिली आणि नवीन काढली. मला वाटलं, एवढं काय त्यात! नंतर हाफकिनबद्दल वाचलं आणि डोक्यात प्रकाश पडला.

वाल्डेमार हाफकिन १८६० साली ओडेसाला जन्मले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत त्यांनी तीन महिन्यांत लस केली. ती माणसाला चालेल की नाही, हे कसं ठरवायचं? १० जानेवारी १८९७ ला त्यांनी ती आधी स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, अंग ठणकलं, पण ते बरे झाले. मग लाखो लोकांनी लस घेतली.

१९०२ साली मात्र पंजाबात मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतली लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिनवर आला, पद गेलं. पण बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला होता! १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. १९२५ ला परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव दिलं गेलं. १९३० साली ते वारले.

मित्रांनो, औषध चांगलं असून भागत नाही. बाटलीपासून सुईच्या टोकापर्यंत सगळंच तपासावं लागतं. त्या सिस्टरना थँक्यू म्हणायचं मात्र माझं राहूनच गेलं.