कौळाण्याचा गोपाळ बडोद्याच्या गादीवर कसा बसला? सयाजीरावांच्या वंशावळीची गोष्ट

पणजोबांच्या नावाची नोंद शोधत तहसील कार्यालयात खेटे घालणारी माणसे गेल्या काही वर्षांत अनेकांनी पाहिली. मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोधही झाली. वाडवडिलांची नोंद एखाद्याचे आयुष्य किती बदलू शकते, याचे मोठे उदाहरण नाशिक जिल्ह्यातच आहे. मालेगाव तालुक्यातल्या कौळाणे गावचा गोपाळ १८७५ मध्ये बडोद्याचा महाराजा झाला. तेच महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे).

गादीला वारस का नव्हता?

बडोद्याचे महाराज खंडेराव १८७० मध्ये वारले. त्यांना मुलगा नव्हता, पण महाराणी जमनाबाई गरोदर होत्या. मुलगा झाला असता तर तोच वारस ठरला असता. १८७१ मध्ये मुलगी झाली आणि गादी खंडेरावांचे भाऊ मल्हारराव यांच्याकडे कायम राहिली.

मल्हाररावांवर ब्रिटिश रेसिडेंट कर्नल फेयर यांना विष देण्याचा प्रयत्न केल्याचा आरोप झाला. चौकशी आयोगातल्या सहा सदस्यांचे एकमत झाले नाही. तरीही एप्रिल १८७५ मध्ये गैरकारभाराचे कारण देऊन इंग्रजांनी त्यांना पदच्युत केले. एवढ्यावर ते थांबले नाहीत, मल्हाररावांच्या मुलाबाळांचा हक्कही काढून घेतला. जमनाबाईंना मात्र दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. अट अशी, की मुलगा गायकवाड घराण्यातला हवा आणि सरकारला तो मान्य हवा.

कौळाण्याचे नाते कुठून आले?

घराण्याची सत्ता उभी केली ती पिलाजीराव गायकवाडांनी. त्यांचे पुत्र दमाजीराव यांच्या वंशात बडोद्याची गादी राहिली. दुसरे पुत्र प्रतापराव यांचा वंश काही पिढ्यांनंतर कौळाण्यात शेती करत होता. त्यातलेच काशीराव गायकवाड. काशीराव आणि उमाबाई यांना आनंदराव, गोपाळराव आणि संपतराव अशी मुले. ११ मार्च १८६३ ही गोपाळची जन्मतारीख मानली जाते.

म्हणजे या शेतकरी कुटुंबाचा हक्क पूर्णपणे प्रतापरावांपर्यंत जाणाऱ्या नावांच्या साखळीवर उभा होता. मधले एक नाव जरी संशयास्पद ठरले असते, तरी मुलांना घरी परतावे लागले असते.

काशीराव मुलांना घेऊन बडोद्याला गेले. इथे का आलात, असे जमनाबाईंनी प्रत्येकाला विचारले आणि राज्य करायला आलो, असे गोपाळने सांगितले, अशी आख्यायिका आहे. ती सगळीकडे सांगितली जाते. पण वंश जुळला नसता तर या हजरजबाबीपणाला कोणी विचारले नसते, हेही खरे. २७ मे १८७५ रोजी दत्तकविधी झाला.

कागदावर काय बदलले?

वडिलांचे नाव. काशीरावांचा गोपाळ आता खंडेरावांचा सयाजी झाला, म्हणजे पाच वर्षांपूर्वी वारलेल्या आणि कधी न पाहिलेल्या राजाचा मुलगा. बारा वर्षांच्या मुलाला तेव्हा अक्षरओळखही जेमतेम होती. एफ. ए. एच. इलियट यांच्या हाताखाली शिक्षण सुरू झाले. भाऊही बडोद्यात शिकले. संपतरावांनी पुढे आपला ग्रंथसंग्रह बडोद्याच्या वाचनालयाला दिला. २८ डिसेंबर १८८१ रोजी सयाजीरावांना पूर्ण अधिकार मिळाले. उशिरा शिकलेल्या या राजाने १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले.

घरचे दिवस मात्र सोपे नव्हते. १८८० मध्ये तंजावरच्या मोहिते घराण्यातल्या लक्ष्मीबाईंशी त्यांचा विवाह झाला. त्या पहिल्या चिमणाबाई. त्यांच्या दोन्ही मुली बालपणीच गेल्या आणि १८८५ मध्ये त्याही वारल्या. मागे राहिला मुलगा फत्तेसिंहराव. त्याच वर्षी सयाजीरावांचा दुसरा विवाह देवासच्या गजराबाईंशी झाला. पुढे स्त्रियांच्या प्रश्नांवर काम केलेल्या महाराणी चिमणाबाई त्या याच. या विवाहातून जयसिंहराव, शिवाजीराव, धैर्यशीलराव आणि इंदिराराजे ही मुले झाली.

राजवाड्यात मुले होती, तरी वारसाचा प्रश्न पुन्हा आला. १९०८ मध्ये थोरले फत्तेसिंहराव गेले, १९१९ मध्ये शिवाजीराव आणि १९२३ मध्ये जयसिंहराव. तीन मुलांचे मृत्यू सयाजीरावांनी पाहिले.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत सयाजीरावांचे निधन झाले. गादी नातू प्रतापसिंहराव यांच्याकडे गेली. ते फत्तेसिंहरावांचे पुत्र, जन्म १९०८ चा. वडील वारले तेव्हा ते काही महिन्यांचेच होते.