कॅरोलिनचा पगार

कॅरोलिन हर्शेल म्हटलं की लोकांना तिचे आठ धूमकेतू आठवतात. मला आठवतो तिचा पगार.

कॅरोलिन १६ मार्च १७५० रोजी जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरात जन्मली. दहाव्या वर्षी टायफसचा ताप आला आणि उंची सव्वाचार फुटांवरच थांबली. हिचं लग्न काही होणार नाही, असं घरच्यांनी धरूनच टाकलं. आईने तिला घरकामाला जुंपलं. मुलीला जास्त शिकवायचं कशाला, असा आईचा खाक्या. (ओळखीचं वाटतंय ना?)

मोठा भाऊ विल्यम इंग्लंडमधल्या बाथ गावी संगीत शिकवायचा. १७७२ मध्ये तो तिला न्यायला आला. आईने पाठवलं खरं, पण तिच्या जागी कामाला बाई ठेवायचे पैसे त्याच्याकडून कबूल करून घेतले! म्हणजे लेकीच्या कामाचं मोल घरात माहीत होतं बरं का. फक्त तिच्या हातावर कुणी कधी काही ठेवलं नव्हतं.

बाथमध्ये ती गायला शिकली, कार्यक्रमांत गाऊ लागली. तेवढ्यात भावाला आकाशाचं वेड लागलं. दुर्बिणीचा आरसा घासायला बसला की तो तासन् तास हलायचा नाही, मग ही त्याला घास भरवायची. गाणं मागे पडलं ते पडलंच. १७८१ मध्ये त्याने युरेनस शोधला, पुढच्या वर्षी राजाने त्याला पगार सुरू केला. रात्री तो दुर्बिणीशी, ही टिपणं घ्यायला, आणि दिवसा सगळी आकडेमोड हिचीच. पाढे मात्र तिला कधीच पाठ झाले नाहीत. त्यांचा कागद ती जवळ बाळगायची.

१ ऑगस्ट १७८६ ला विल्यम परगावी होता. स्वतःच्या छोट्या दुर्बिणीतून तिला एक धूसर ठिपका दिसला. दुसऱ्या रात्री पाहते तर ताऱ्यांमधली त्याची जागा सरकलेली. धूमकेतूच तो! १७८७ मध्ये राजाने तिला भावाची मदतनीस म्हणून वर्षाला ५० पौंड पगार दिला. वय ३७. विज्ञानाच्या कामाचा पगार घेणारी इंग्लंडमधली ती पहिली बाई.

१७८८ मध्ये विल्यमचं लग्न झालं. इतकी वर्षं सांभाळलेलं घर वहिनीकडे देऊन कॅरोलिन भाड्याच्या खोलीत राहायला गेली. त्यानंतरच्या दहाएक वर्षांच्या डायऱ्या तिने स्वतःच नष्ट केल्या. का, ते आपल्याला वेगळं सांगायला नको. पण बाकीचे सात धूमकेतू तिला याच वर्षांत सापडले. हाती स्वतःचे ५० पौंड नसते तर ती खोली तरी कुठून मिळाली असती?

१८२२ मध्ये विल्यम गेला. ती हॅनोव्हरला परतली आणि भाच्याला उपयोगी पडावी म्हणून सुमारे अडीच हजार तेजोमेघांची यादी नीट लावून दिली. या यादीसाठी १८२८ मध्ये लंडनच्या खगोलशास्त्रीय संस्थेने तिला सुवर्णपदक दिलं. ९७ वर्षांची होऊन ती ९ जानेवारी १८४८ ला वारली. ते पदक पुन्हा एका बाईला मिळालं १९९६ मध्ये, व्हेरा रुबिन यांना.