गंज न धरणारे पोलाद आणि हॅरी ब्रिअर्ली

गणपतीच्या दिवसांत स्वयंपाकघरात लिंबू, चिंच, आमसूल आणि दही यांची चलती असते. स्टीलच्या ताटात पंचामृत वाढले तरी ताटाला काही होत नाही, हे आज आपण गृहीत धरतो. आपल्या आज्यांना तसे धरता येत नसे. पितळी पातेल्याची कल्हई गेली की आमटी कळकायची आणि लिंबू चिरले की विळीचे पाते काळे पडायचे. ही काळजी दूर करणाऱ्यांत ज्यांचे नाव पहिल्या रांगेत घेतले जाते, त्या हॅरी ब्रिअर्ली यांची ही ओळख. स्टेनलेस स्टीलचे संशोधक म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. पण त्यांचा खरा अभ्यास भट्टीच्या उष्णतेचा होता, हे आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटते.

ब्रिअर्ली यांचा जन्म १८ फेब्रुवारी १८७१ रोजी इंग्लंडमधील शेफील्ड येथे झाला. हे गाव सुऱ्या-कात्र्यांसाठी प्रसिद्ध. वडील पोलाद वितळवणारे कामगार, घरची गरिबी. बाराव्या वर्षी शाळा सुटली आणि हॅरी थॉमस फर्थ अँड सन्स या कारखान्यात कामाला लागला. पुढे तो तेथील प्रयोगशाळेत बाटल्या धुणारा पोऱ्या झाला. प्रयोगशाळेचे प्रमुख जेम्स टेलर यांनी त्याला शिकण्याची गोडी लावली. दिवसा काम आणि रात्री अभ्यास करत हा मुलगा रसायनतज्ज्ञ झाला. काही वर्षे रशियन साम्राज्यातील रिगा येथील पोलाद कारखान्यात काढून ते परतले आणि १९०८ मध्ये फर्थ व जॉन ब्राउन या दोन कंपन्यांनी मिळून उभारलेल्या प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. १९११ मध्ये हत्यारांच्या पोलादाला उष्णता कशी द्यावी, यावर त्यांनी पुस्तकही लिहिले.

१९१२ मध्ये त्यांच्यापुढे बंदुकांच्या नळ्यांचा प्रश्न आला. गोळीच्या तापाने नळ्या आतून झिजत. त्यावर उपाय म्हणून त्यांनी क्रोमियम मिसळून पाहिले. १३ ऑगस्ट १९१३ रोजी विजेच्या भट्टीतून जो ओत निघाला, त्यात १२.८ टक्के क्रोमियम आणि ०.२४ टक्के कार्बन होता. सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी पोलादाच्या तुकड्यावर आम्ल लावून तो कोरावा लागतो. या तुकड्यांवर आम्ल नीट चालेना. व्हिनेगर आणि लिंबाचा रसही त्यांना डागवेना. बंदुकीसाठी शोधलेले पोलाद सुरीला उपयोगी पडेल, हे शेफील्डच्या या माणसाने लगेच ओळखले.

मात्र सगळे तुकडे सारखे वागत नव्हते. पोलाद तेच असले तरी त्याला उष्णता कशी दिली, यावर त्याचे गंजणे ठरत होते. याचे कारण असे, की क्रोमियम हवेतील प्राणवायूशी संयोग पावून पृष्ठभागावर अतिशय पातळ थर तयार करते आणि तोच थर पोलाद राखतो. पोलाद मऊ करण्यासाठी तापवून सावकाश निवू दिले, तर कार्बन क्रोमियमला आपल्याकडे ओढून त्याचे कण बनवतो आणि राखणदारीला क्रोमियम कमी पडते. तेच पोलाद पुरेसे तापवून झटकन निववले, म्हणजे लोहाराच्या भाषेत पाणी दिले, की क्रोमियम विरघळलेलेच राहते आणि गंज दूर राहतो.

हे न उमगल्याने पहिल्या सुऱ्या फसल्या. नेहमीच्या पोलादाच्या सवयीने कारागिरांनी हे पोलाद घडवले. नव्या पोलादाला त्याहून जास्त ताप लागतो, हे त्यांना ठाऊक नव्हते. न कापणाऱ्या सुऱ्यांचा संशोधक म्हणून गावात ब्रिअर्लींची थट्टा झाली. अखेर मोझली यांच्या कारखान्यातील अर्नेस्ट स्टुअर्ट यांनी नेट धरला. त्यांचेही पहिले प्रयत्न फुकट गेले. तेव्हा ब्रिअर्ली स्वतः शेजारी उभे राहिले. सुरी कशी घडवावी हे त्यांना येत नव्हते, पण ताप किती हवा हे येत होते. दोघांच्या विद्या जुळल्या आणि सुऱ्या उत्तम निघाल्या. स्टेनलेस हे नाव स्टुअर्ट यांचेच.

शोधाच्या हक्कावरून मालकांशी वाद झाला आणि १९१५ मध्ये ब्रिअर्ली ब्राउन बेलीज या दुसऱ्या कारखान्यात गेले. त्याच सुमारास जर्मनीत क्रुप कंपनीत आणि अमेरिकेत एलवुड हेन्स यांनीही अशी पोलादे शोधली होती. त्यामुळे सारे श्रेय एकाला देणे योग्य होणार नाही. प्रयोगशाळेतील त्यांचे उत्तराधिकारी विल्यम हॅटफील्ड यांनी १९२४ मध्ये १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेलचे पोलाद आणले. आपली ताटे-वाट्या याच कुळातल्या.

हा धडा आजही जुना झालेला नाही. आपल्या बेळगावात ओतकामाचे कारखाने पुष्कळ. क्रोमियम-निकेल पोलादाचा पंप किंवा व्हॉल्व्ह वाळूच्या साच्यात सावकाश निवतो, तेव्हा कार्बन पोलादाच्या कणांच्या सीमांवर क्रोमियम अडवून ठेवतो आणि तेथूनच पुढे गंज शिरतो. म्हणून असे ओतीव काम पुन्हा १०४० अंश सेल्सिअसच्या वर तापवून पाण्यात झटकन निववतात. वेळ वा इंधन वाचवण्यासाठी ही पायरी गाळली, तर माल चकचकीत दिसतो, रासायनिक तपासणीतही पास होतो आणि वापरात मात्र दगा देतो.

ब्रिअर्ली यांना १९२० मध्ये बेसेमर सुवर्णपदक मिळाले. १९४१ मध्ये त्यांनी समाजकार्यासाठी एक न्यास स्थापन केला. १४ जुलै १९४८ रोजी टॉर्की येथे त्यांचे निधन झाले. बाराव्या वर्षी शाळा सुटलेल्या या मुलाला टेलर यांच्यासारखे गुरू भेटले, हे त्याचे भाग्य. आपल्या मंडळाच्या वस्तीतही अशी मुले आहेत. नैवेद्याचे ताट मांडताना त्यांचीही आठवण व्हावी, एवढीच श्रीचरणी प्रार्थना.